भुवईबाई आणि अठरा टॅब

आमच्या घरात पत्त्यांचा डाव मांडला की मोठ्या वहिनींना जोडीला घ्यायला कोणी तयार नसतं. हातात एक्का आला की त्यांची डावी भुवई वर जाते, आणि दुऱ्या-तिऱ्या आल्या की दोन्ही भुवया नाकाला भेटायला निघतात. समोरच्याला निम्मा डाव तिथेच कळतो. मला दिवस गेले तेव्हा ती बातमी मी फक्त त्यांना सांगितली होती, तीही शपथ घालून. त्या कोणाजवळ अवाक्षर बोलल्या नाहीत. तरी संध्याकाळपर्यंत घरभर झालं. सासूबाई मला म्हणाल्या, "तिच्या कपाळावर लिहिलंय की. वाचता येतं आम्हाला."

तर अशा ह्या माझ्या थोरल्या जाऊबाई. एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत तिसरीला गणित शिकवतात. शाळेत त्या 'बाई', आणि त्यांची पाठ वळली की 'भुवईबाई'. हे नाव ज्याने ठेवलं त्याची पोरं आता त्याच वर्गात शिकून गेली, नाव मात्र तिथेच आहे. वहिनींनाही ते माहीत आहे. एकदा फळ्यावर कोणीतरी दोन जाड रेघा काढून ठेवल्या होत्या. त्या म्हणाल्या, "उजवी जरा वाकडी आलीय," आणि स्वतः खडू घेऊन नीट केली.

आम्ही खाली राहतो, ते वर. मधे बाहेरून जिना, सतरा पायऱ्यांचा. तो वहिनी रोज मोजत चढतात, कारण त्यांना मोजल्याशिवाय काही करताच येत नाही. मी पुढच्या खोलीत शिवणकाम करते. शाळांचे गणवेश, मुलांचे कपडे, काज-बटणं. माझी मुलगी ह्या कपड्यांच्या ढिगातच रांगली, आणि लहानपणी होती अशी गोल, की तिला सगळे बटण म्हणायला लागले. तेच चिकटलं.

बटण यंदा वहिनींच्या वर्गात गेली, तेव्हा मी निर्धास्त झाले. घरची बाई, घरचीच पोर. त्यातून बटणची वही म्हणजे देखणी. पहिलीत, दुसरीत तोंडी परीक्षेला पैकीच्या पैकी. मला स्वतःला गणितात काही गती नव्हती, त्यामुळे माझी लेक हुशार निघाली ह्याचा मला किती अभिमान होता, ते मी इथे सांगत नाही. गिऱ्हाइकांना सांगून झालंय.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाली आणि एक दिवस शाळेत अठरा टॅब आले. वर्गात मुलं छत्तीस. हेडमास्तरांनी सगळ्या बाईंना बसवून समजावलं: अर्धा तास अर्धी मुलं टॅबवर गणितं सोडवतील, उरलेली अर्धी बाईंजवळ बसतील, मग अदलाबदल. टॅब प्रत्येकाला त्याच्या बेताचं गणित देणार. ज्याला येतंय तो पुढे जाईल, ज्याचं अडलंय त्याला मागचं पुन्हा मिळेल. शेजारी बसणाऱ्या दोघांना कधीच सारखं गणित मिळणार नाही. आणि शाळा सुटल्यावर बाईंना एका कागदावर सगळ्या मुलांचे रंग दिसतील. हिरवा म्हणजे येतंय, पिवळा म्हणजे डळमळतंय, लाल म्हणजे अडलंय.

वहिनींनी तो टॅब उलटसुलट करून बघितला. "पाटीच आहे ही," म्हणाल्या. "फक्त खडू हरवलाय."

मला वाटलं, ह्या वयात त्या नाक मुरडतील. तर उलटच झालं. आठवड्याभरात त्यांनी वर्गाची मांडणीच बदलली. खिडकीकडच्या दोन रांगा टॅबच्या. मागे भिंतीशी सतरंजी. तिच्यावर माझ्याकडची उरलेली बटणं, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, मोजायला. रोज दुपारी त्या रंगांचा कागद समोर घ्यायच्या आणि आपल्या लांब वहीत प्रत्येकापुढे एक ओळ लिहायच्या. 'हातचा विसरतो.' 'शून्याला घाबरते.' 'घाई.' दुसऱ्या दिवशी सतरंजीवर कोणाला बोलवायचं ते त्यावरून ठरायचं. घरी आल्यावर मला सांगायच्या, "अगं, एकतीस वर्षं मी छत्तीस जणांना एकच गणित घालत होते. सगळ्यांना एकाच मापाचा शर्ट. तू शिवशील का तसा?"

मी म्हटलं, "गिऱ्हाईक जोड्याने मारेल."

"मुलं बिचारी मारत नाहीत म्हणून चाललं," त्या म्हणाल्या.

आणि मग आला बटणचा रंग. लाल.

पहिल्या दिवशी वहिनी हसल्या. दुसऱ्या दिवशी लाल, तिसऱ्या दिवशी लाल. त्यांनी तिचा टॅब बदलला. चष्म्याच्या फडक्याने काच पुसली. जागा बदलून तिला उजेडात बसवलं. लाल. साधी बेरीज, पाढे सगळं येत होतं, पण 'सतरा फुगे होते, नऊ फुटले' असं काही आलं की पोरगी अडलीच. मी तर जाहीरच केलं, की त्या यंत्रात खोट आहे. माझ्या मुलीला लाल म्हणतं म्हणजे काय! वहिनींनाही मनातून तसंच वाटत होतं. बटण दोन वर्षांची असल्यापासून त्या तिला आकडे शिकवत होत्या, समोर बसून सतरादा उत्तर ऐकलेलं होतं.

म्हणून एका दुपारी, शाळा सुटल्यावर, वहिनींनी एक उद्योग केला. यंत्राची परीक्षा घ्यायची म्हणून त्या बटणच्या नावाने आत गेल्या आणि स्वतः गणितं सोडवायला बसल्या. बरोबर उत्तराला ते बरोबर म्हणतं का, एवढंच बघायचं होतं. दहा सोडवली. यंत्राने टाळ्या वाजवल्या. मग त्यांना चेव चढला. आणखी चाळीस सोडवली. टाळ्यांवर टाळ्या. समाधानाने टॅब कपाटात ठेवून, त्या घरी आल्या आणि सतरा पायऱ्या चढायच्या आधी माझ्या खोलीत डोकावून म्हणाल्या, "यंत्र ठीक आहे गं. बरोबरला बरोबर म्हणतं."

यंत्र ठीकच होतं. त्याला वाटलं, बटणच ही. त्याने तिला एका दुपारीत पाचवीला नेऊन बसवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बटणच्या समोर अपूर्णांक उभे. तीन चतुर्थांश आणि दोन पंचमांश. पोरीने असा प्रकार जन्मात पाहिला नव्हता. डोळे भरून आले. वहिनींच्या लक्षात आलं, आपणच घोळ घातलाय. त्या धावत तिच्याजवळ गेल्या, म्हणाल्या, "राहू दे, राहू दे, नाही आलं तरी चालेल, कुठलंही बोट लाव आणि पुढे हो." आणि अपराधी चेहऱ्याने तिथेच बाकापाशी उभ्या राहिल्या.

उत्तराला चार पर्याय होते. बटणने पहिल्यावर बोट नेलं, टेकवलं नाही, आणि वर बघितलं. दुसऱ्यावर नेलं, वर बघितलं. तिसऱ्यावर नेलं, वर बघितलं, आणि टेकवलं. बरोबर. पुढचं गणित. पुन्हा तसंच. बरोबर. तिसऱ्या वर्गातली मुलगी पाचवीचे अपूर्णांक धडाधड सोडवत होती, सात गणितं, एकही चूक नाही, आणि एकदाही तिने टॅबकडे धड बघितलं नव्हतं.

ती वहिनींच्या भुवया बघत होती.

त्या दिवशी वहिनी जिना चढल्याच नाहीत, सरळ माझ्या खोलीत येऊन कपड्यांच्या ढिगावर बसल्या. "हिला गणित येत नाही," म्हणाल्या. "हिला मी येते." मग सगळं सांगितलं. बटण लबाड नाही, नक्कल करत नाही. तिला वाटतं, गणित असंच करतात. आकडे म्हणत जायचं, मोठ्यांचा चेहरा उजळला की थांबायचं. पहिली-दुसरीची तोंडी परीक्षा घ्यायलाही समोर वहिनीच बसल्या आणि तिने त्यांचा चेहरा घडाघडा वाचला. आणि पुढच्या वर्षी चौथीला जे गुरुजी आहेत, त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. तिथे ही पोर काय करणार? "चार महिने आहेत माझ्याकडे. तेवढ्यात नाही जमलं तर तिला वाटेल आपल्याला काहीच येत नाही, आणि मग खरंच येणार नाही."

मी काय करावं? मी भडकले. माझं डोकं असंच आहे, आधी पेटतं आणि मग विचार करतं. मी म्हटलं, "माझ्या मुलीला ढ म्हणायला तुम्हाला अठरा टॅब लागले का?" त्या म्हणाल्या, "अगं, मी तिला नाही, मला म्हणतेय." मी म्हटलं, "तिला कोणाचा चेहरा बघायची गरज नाही, घरी माझ्यासमोर सगळं करते ती." वहिनी काही बोलल्या नाहीत. पण भुवया बोलल्या. त्या भुवयांचा मला इतका राग आला, की आठ दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. भाजीची वाटीसुद्धा मुलीच्या हाती वर पाठवली, आणि रिकामी वाटी तशीच तिच्या हातून घेतली.

नवव्या दिवशी संध्याकाळी मी एका शर्टाची कॉलर तपासत होते. उजेडाकडे धरली होती, म्हणजे माझ्या तोंडासमोरच. बटण खाली बसून गृहपाठ करत होती. तिने विचारलं, "आई, पंधरातून सात गेले, किती?"

"तूच सांग," मी कॉलरमागून म्हटलं.

"नऊ?"

टाका निसटला होता, तो बघत होते.

ती उठली. टेबलाला वळसा घालून माझ्या बाजूला आली. वाकून, मान वाकडी करून, कॉलरच्या खालून तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. "सात?" माझ्याकडे बघतच. "आठ?" आणि हसली, आणि वहीत आठ लिहायला निघून गेली.

माझ्या हातातला शर्ट तसाच राहिला. किती वेळा मी मशीन चालवता चालवता घाईघाईने असं 'हं' म्हटलं असेल? मला वाटायचं, मी तिचा अभ्यास घेते. ती माझा घेत होती. मी लोकांना फुशारकीने सांगितलेले ते पैकीच्या पैकी मार्क माझ्या आणि जाऊबाईंच्या चेहऱ्याचे होते. मी तशीच उठून सतरा पायऱ्या चढले.

वहिनी आरशासमोर उभ्या होत्या. चेहरा दगडासारखा ठेवायचा सराव चालला होता. मोठे दीर दारातून मला हळूच म्हणाले, "चार दिवस झाले हे. काल मी विचारलं, भाजीत मीठ जास्त झालंय का, असं का बघतेस? तर म्हणाली, मी बघतच नाहीये."

मी म्हटलं, "वहिनी, चुकलं माझं."

त्यांनी वळून बघितलं आणि भुवया थेट केसांपर्यंत गेल्या. चार दिवसांचा सराव पाण्यात. आम्ही दोघी हसलो, आणि मग मी थोडी रडलेही. त्या म्हणाल्या, "हे नाही जमायचं मला. छप्पन्न वर्षांचा चेहरा आहे, आता काय ऐकणार?"

तेव्हा मला माझा धंदा आठवला. "झाकायचं माझ्याकडे लागलं," मी म्हटलं, "थांबा." खाली येऊन मऊ सुती कापडाची चार बोटं रुंद पट्टी शिवली, मागे इलॅस्टिक, कपाळापासून थेट डोळ्यांच्या वरच्या कडेपर्यंत बसेल अशी. भुवया आत गडप.

दुसऱ्या दिवशी बाई ती पट्टी बांधून वर्गात गेल्या. मुलं चिडीचूप. एकीने विचारलं, "बाई, डोकं दुखतंय?" त्या म्हणाल्या, "हो. तुमच्यामुळे." त्या दिवशी वर्गात इतकी शांतता होती म्हणतात, की हेडमास्तर दोनदा डोकावून गेले.

आणि एक गंमत झाली. गंमत म्हणते, पण वहिनींना ती लागली. सतरंजीवर एरवी टणाटण उत्तरं देणारी आणखी पाच मुलं चाचपडायला लागली. टॅबवर ती आधीपासून पिवळी दिसत होती; वहिनींनी त्याला घाई असं नाव देऊन ठेवलं होतं. लांब वहीत त्यांनी सहा नावांपुढे एकच शेरा लिहिला: 'माझी भुवई.' दुसऱ्या कोणी हा कागद फाडला असता. त्यांनी तो मला आणून दाखवला.

मग काम सुरू झालं. बटणला त्यांनी यंत्रात पाचवीतून काढून दुसरीच्या मध्यावर आणली. तिथून तिची तिने वाट काढायची. अर्धा तास टॅब. त्याला चेहरा नाही, ते रागावत नाही, सुखावत नाही, आणि चुकलं तर तसलंच दुसरं गणित पुढे ठेवतं. मग अर्धा तास सतरंजी. तिथे नियम एकच: उत्तर नंतर सांगायचं, आधी बटणं मांडायची आणि असं का मांडलं ते सांगायचं. पहिल्या आठवड्यात बटण नुसती रडायची. तिला वाटायचं, पट्टीच्या आत बाई रागावल्यात. वहिनी घरी आल्यावर पट्टी काढायच्या, तिला मांडीवर घ्यायच्या, तिला सगळ्या भुवया बघू द्यायच्या. "शाळेत बाई, घरी मोठी आई," त्या म्हणायच्या. "मोठी आई कधी रागावते का?" माझं मशीन मी फिरवून घेतलं, तोंड भिंतीकडे. ती काही विचारायची, मी पाठमोरीच म्हणायचे, "मांडून बघ." माझी जीभ कितीदा शिवशिवली ते त्या भिंतीला माहीत.

दीड महिना लाल. मी रोज विचारायचे, वहिनी रोज मान हलवायच्या. मग एक दिवस पिवळा. मी आनंदाने उड्या मारल्या, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा लाल. वहिनी म्हणाल्या, "उतावीळ होऊ नकोस. काज करताना तू घाई करतेस का?" करत नाही.

वर्ष संपत आलं तेव्हा शाळेने माझ्याकडून अठरा टॅबसाठी कापडी पिशव्या शिवून घेतल्या. त्या द्यायला मी वर्गात गेले. सतरंजीची वेळ होती. बटणची पाळी. मी दारातच थांबले. वहिनींनी मला बघितलं, आणि काय मनात आलं कोण जाणे, डोक्यावरची पट्टी काढून बाजूला ठेवली. कपाळावर चार महिन्यांचा फिकट पट्टा उमटला होता.

"बावन्न बटणं आहेत," त्या म्हणाल्या. "एका शर्टाला सहा लागतात. किती शर्ट होतील?"

बटणने डब्यातून मूठ मूठ बटणं काढली. सहा-सहाच्या रांगा लावल्या. तीन रांगा झाल्यावर थांबली, पुढच्या बोटांवर केल्या. मग म्हणाली, "आठ शर्ट. चार बटणं उरतात."

आणि वहिनींनी भुवया खाली ओढल्या. मुद्दाम. इतक्या खाली, की मला स्वतःलाच शंका आली. मी दारात उभी राहून सहाचा पाढा म्हणायला लागले आणि माझं तोंडही पडलं असणार, कारण मला सहा आठे आठवेना.

बटणने वर बघितलं. बाईंकडे बघितलं, मग दाराकडे, माझ्याकडे. तिचा चेहरा कसानुसा झाला. माझ्या मनात आलं, आता सात म्हणेल, आता नऊ म्हणेल, गेले चार महिने पाण्यात. तिने मान खाली घातली. रांगांवरून पुन्हा बोट फिरवलं, ओठ हलवत. मग वर बघून, जराशी रागावूनच म्हणाली, "मोठी आई, तू कशीपण बघ. आठच होतात."

शाळेत बाई म्हणायचं असतं हे ती विसरली होती. वहिनींनीही आठवण करून दिली नाही. त्यांच्या भुवया वर जायला लागल्या आणि जातच राहिल्या, आणि बटणने तिकडे बघितलंसुद्धा नाही. ती रांगांतली बटणं परत डब्यात टाकत होती.

पिशव्या मी टेबलावर ठेवल्या आणि बाहेर येऊन व्हरांड्यात उभी राहिले, कारण डोळ्यांना पाणी आलं होतं आणि आत छत्तीस मुलं होती. थोड्या वेळाने वहिनी लांब वही घेऊन बाहेर आल्या. त्या दिवसाची ओळ त्यांनी लिहून आणली होती. बटणच्या नावापुढे रंग नव्हता, शेरा होता: 'माझ्याकडे पाहिलं. उत्तर बदललं नाही.'

"पट्टी परत देऊ का तुला?" त्यांनी विचारलं.

"ठेवा," मी म्हटलं, "पत्ते खेळायला लागेल."